मोकळ्या हातांची आवडी

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात वीस-बावीस घरांची एक वाडी आहे. तिथल्या आवडीला अंबरनाथच्या सोलर पॅनलच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हा वाडीला हसू आवरेना. लाकडाच्या मोळ्या बदलापूरला नेऊन विकणारी बाई आता उन्हापासून वीज करणार म्हणे! "आपल्याकडं ऊन लय हाय, ने डोक्यावर," असं तिचा नवरा गोमाच तिला चिडवायचा. पण डांबरी रस्त्यापर्यंत तिला सोडायला रोज सकाळी तोच यायचा.

आधी ही पॅनलं बाहेरच्या देशातून तयार यायची. मग ती इथेच करायचं ठरलं, मागणी वाढत गेली आणि एका शेडला दुसरी शेड लागली. पॅनलमधला निळा सेल पापडाहून पातळ असतो. त्यावर चपटी तार डाख देऊन जोडायची, आणि हात जरा जड पडला की तडा गेलाच. आवडीचे हात इतके हलके निघाले की लाइन सांभाळणाऱ्या प्रतिभाताई नव्या मुलींना तिच्याशेजारी उभं करू लागल्या.

अट एकच होती, मनगटं मोकळी हवीत. बांगडी सेलवर आपटली की सेल वाया. आता मोकळ्या मनगटांचा अर्थ वाडीत कुणाला समजावून सांगायला नको. नवरा जिवंत असताना बाईनं काकणं उतरवायची नसतात. बेलवलीला राहणाऱ्या प्रतिभाताईंच्या हातात घड्याळाशिवाय काही नसतं आणि त्यांचा नवरा चांगला ठणठणीत आहे. पण शहरातल्या नवऱ्यांना बहुधा वेगळे नियम असावेत. आवडीची सासू भिमाबाई तर हटूनच बसली. "माझ्या पोराच्या जिवावर उठलीस काय गो?" शेवटी आवडीनं आपल्यापुरता मार्ग काढला. कारखान्याच्या फाटकाशी काकणं उतरवून डब्याच्या पिशवीत ठेवायची, सुटल्यावर पुन्हा चढवायची.

पुढच्या तीन वर्षांत तिच्या शब्दावर वाडीतल्या आणखी आठ बायका कामाला लागल्या. कंपनीची गाडी रस्त्यापर्यंत येऊ लागली. पगार बाईच्या नावानं बँकेत जमा व्हायचा. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जाणारी घरं वाडीतच राहिली आणि पोरं शाळेत टिकली. देशाचा किती फायदा झाला ते सांगणारे सांगतील. आवडीला एवढंच दिसत होतं की आपली लेक अंजना दहावीला बसणार आहे.

मग गोमाला कावीळ झाली. पंधरा दिवस झाडपाल्यात गेले. एका दुपारी लाइनवर निरोप आला, त्याला उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलंय, ताबडतोब ये. आवडी तशीच धावत सुटली आणि पिशवी कारखान्यातच राहिली. दोन दिवस ती उघड्या हातांनी त्याच्या उशाशी बसून होती. वाडीतून भेटायला आलेल्या बायकांनी ते हात पाहिले. माणूस अजून श्वास घेतोय आणि बायकोचे हात आधीच मोकळे! तिसऱ्या दिवशी गोमा गेला.

दहाव्याला बायका काकणं फोडायला जमल्या, तर फोडायला हातात काही नव्हतंच. मग बदलापूरहून नवी आणली, तिच्या हातात भरली आणि मग फोडली. असला निर्दयपणा माणसं किती मनापासून करतात! आवडीला मात्र रडू आलं नाही. ती एकच विचार करत होती, निघताना पिशवी उचलली असती तर? तीन वर्षं जे तिनं हसण्यावारी नेलं होतं, ते तिला आता खरं वाटू लागलं होतं.

फाटकाशी काकणं उतरवायच्या धास्तीनं आवडीबरोबर आठही बायका कामावर जायच्या बंद झाल्या. गाडी रोज रिकामी परत जाऊ लागली. शेवटी प्रतिभाताई स्वतः वाडीवर आल्या. भिमाबाईच्या अंगणात सगळ्या जमल्या.

"आवडी, दुसऱ्या शेडला माणसं कमी पडतायत गं. सोमवारी कोणी आलं नाही तर मॅनेजर इकडची गाडीच बंद करणार. मग दुसरीकडच्या मुली घेतील. मी काही करू शकणार नाही."

"ताई, मी कंच्या तोंडानं सांगू यांना?" आवडी म्हणाली. "सांगण्यासारखा काय राहिलाय माझ्याजवळ?"

तेव्हा ओटीवरून भिमाबाई उठली. पोरगा गेल्यापासून ती सुनेशी एक अक्षर बोलली नव्हती.

"माझी काकणा कोपरापर्यंत होती," ती बायकांना म्हणाली. "एक दिस उतरवली नाय मी. आजारात नाय, बाळंतपणात नाय. तरी गोमा रांगत होता तवाच त्याचा बा गेला. माझे हात तर भरलेले होते ना? काय केला त्या काकणांनी?"

मग ती ओटीवरून खाली अंगणात उतरली.

"चाळीस वरसा मी शोधतंय, माझा काय चुकला ते," ती आवडीकडे वळून म्हणाली. "तू नको शोधू. सोमवारी कामाला जा."

एवढं बोलून म्हातारी सुनेच्या शेजारी येऊन बसली. आवडीनं तिचे हात हातात घेतले, आणि गोमा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून रडत होत्या.

सोमवारी गाडी आली. आवडी चढली, तिच्या मागून आणखी दोघी चढल्या. ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली आणि सहा जागा रिकाम्या घेऊन गाडी अंबरनाथला निघाली.