पावाच्या मेटॅडोरचे निःशब्द दार

मित्रहो, बाबांची पाव विकायची जुनी मेटॅडोर गाडी आज सकाळी पिपरी मेघेच्या गल्लीत पुन्हा उभी राहिली! गंजलेला पत्रा बदलला, डिझेल इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवली आणि बाजूचे सरकते दार तर एका बोटाने, निःशब्द उघडेल असे केले. त्या दारापायी सेलूच्या गॅरेजमध्ये मी सर्वांना वैताग आणला होता. ‘चालते ना मॅडम’ हे वाक्य मला मुळीच चालत नाही.

आज एकच पाहायचे होते: बाबांची गिऱ्हाइके माझ्याकडे येतात का?

दार उघडले. वाट पाहिली. कोणीही आले नाही.

अखेर कचरा टाकायला निघालेल्या शेजारच्या कुसुमकाकू थबकल्या. “कधीची उभी आहे वं पोरी? आम्हाले कसं समजन? तुह्या बाबानं दार लोटलं का अख्खी गल्ली बाहेर येत जाय!”

“काकू, तो खडखडाट हा दोष होता. मी काढला.”

“मंग गिऱ्हाईकही काढलं ना तुनं!”

मी तडक सेलू गाठले, भंगारातून दाराची जुनी लोखंडी चाके शोधली आणि स्वतः बसवली. संध्याकाळी त्याच जागी दार लोटले. खडाड्‌खड्! घरोघरची फाटके उघडली, पिशव्या आल्या, बघता बघता ट्रे रिकामे झाले!

“आता आली खरी गाडी,” काकू म्हणाल्या.

खडखडाट हा दोषच, हे माझे मत कायम आहे. मात्र त्या चाकांना कोणी तेल घातले, तर गाठ माझ्याशी आहे.

तुमच्या गल्लीत कोणती गाडी न पाहताच ओळखू येते?