उघडी कड

नोव्हाय या अमेरिकन शहराजवळच्या मैदानातल्या कॉन्सर्टला माझ्या शेजारी एक अनोळखी काकू बसल्या होत्या. सत्तरीच्या, पायात स्नीकर्स. खाली अंथरलेली गोधडी त्यांनी स्टेजवरच्याच इंग्लिश रॉक बँडच्या टी-शर्टांची शिवली होती. प्रत्येक टूरचा एकेक. मधोमध गिटारच्या दणदणाटाच्या दिवसांतले काळे, भोवती सिंथेसायझरच्या काळातले भडक गुलाबी, कडेला आताच्या संथ पियानोचे फिके राखाडी.

मी म्हणालो, "पहिले अल्बम भारी होते. नंतर साउंड बिघडला यांचा."

काकूंनी काळ्या तुकड्यावरची सुरकुती तळहाताने सारखी केली. "तेच ते वाजवत बसले असते तर सगळे खूश असते. यांनी नाही तसं केलं."

नवं गाणं सुरू झालं आणि निम्मं मैदान खायला आणायला उठलं. काकूही उठल्या, पण स्टेजवर पोराला बक्षीस मिळताना आई उठते तशा, ताठ मानेने. मीही खायला गेलो नाही.

शेवटी गोधडीची घडी घालायला मी हात लावला. एक कड शिवलेली नव्हती.

"काकू, ही बाजू उसवलीय."

"उसवली नाही, उघडी ठेवलीय," त्या म्हणाल्या. "अजून गातायत ना ते."