याडीच्या काचळीवरचं आयातशुल्क

माझ्या आईची काचळी परदेशात विकायला ठेवली आहे, हे मला आईनंच दाखवलं. दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यातल्या बायकांच्या भरतकामावर मी पत्रक लिहीत होते. पत्रकं लिहायची, वाटायची, कचेऱ्यांच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचायची, हेच माझं काम. फोटो हवे होते म्हणून एका परदेशी दुकानाचं पान मोबाइलवर उघडलं होतं आणि याडी मागून वाकून बघत होती. याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतो. इथं तिचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते, तीही तिला तेवढीच येते.

"थांब. पुढं सरकवू नको. हे माही हाये."

"तुही कशावरून? साऱ्या सारख्याच तं दिसते."

"डाव्या खांद्यावरचा आरसा पडलता. तिथं तुया मामाच्या शाळेच्या शर्टाचं बटन लावलं होतं माया मायनं. पाह्य."

फोटो मोठा केला. पांढरं, चार भोकांचं बटण.

काचळी म्हणजे आरशांनी आणि कवड्यांनी भरलेली, पाठ उघडी असलेली आमच्या बायकांची चोळी. ही आजीनं याडीच्या लग्नासाठी शिवली होती. ती काचळी गेली कुठं हेही मला ठाऊक होतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारा तांड्यात यायचा, त्यानं ती नेली आणि स्टीलचं पिंप दिलं. घरात पाणी साठवायला काही नव्हतं. दिली याचं वाईट वाटत नाही, असं याडी आजही म्हणते. पण ही परत आण, म्हणाली. मग आता कशाला हवी, मी विचारलं.

वर्षभरापासून ती तांड्यातल्या मुलींना भरतकाम शिकवते. कडेचा एक टाका तिला साधत नव्हता. तो फक्त आजीला यायचा आणि आजी गेली.

"बाहेरून कोनीबी पाहून घेईन," ती म्हणाली. "आतून दोरा कसा फिरवला ते पाहाचं हाये मले."

दुकानाच्या पानावर आतल्या बाजूचा फोटो नव्हता. मी काचळी मागवली. किंमत याडीला सांगितली नाही. टपालखर्चासकट पैसे भरले म्हणजे व्यवहार संपला, असं मी समजले. पंधरा दिवसांनी कुरिअरचा संदेश आला: माल कस्टम्समध्ये आहे, आधी आधार कार्ड पाठवा, मग शुल्क भरा.

त्या शुल्काचा तक्ता मी तीनदा वाचला. वस्तूच्या किमतीत टपालखर्च आणि विमा मिळवायचा आणि त्या बेरजेवर आयातशुल्क. म्हणजे काचळी विमानात बसली त्या तिकिटावरसुद्धा शुल्क. त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार. हो, समाजकल्याण. त्याच नावाच्या कचेरीसमोर मी मुलींच्या वसतिगृहासाठी उपोषणाला बसले आहे. त्यानंतर या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. शेवटी आमच्या वतीनं हे भरल्याबद्दल कुरिअरवाल्याचा स्वतःचा आकार. पान उघडलं तेव्हा यातलं एक अक्षर तिथं नव्हतं. फक्त तळाला बारीक ओळ होती, आयातीचे कर खरेदीदारानं सोसायचे. पत्रकात अशी ओळ मी कधी छापली असती तर लोकांनी मला तांड्याबाहेर काढलं असतं.

एवढं असूनही मी भरायला तयार होते. पण कस्टम्सकडून दोन प्रश्न आले: वस्तू नेमकी काय आहे आणि नवी आहे की वापरलेली?

दोन ओळींत उत्तर झालं असतं. मी दोन पानं लिहिली. ही काचळी आमची आहे, ती बाहेरून येत नाही, घरी परत येते आहे. शंभर वर्षांचा हा वारसा आहे. आमच्या लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, नाक्यानाक्यावर जकात भरली, आता त्यांच्या लेकीनं स्वतःच्या आईच्या चोळीवर भरायची काय? लिहिताना हात थांबत नव्हता. हाच मजकूर इंग्रजीत करून दुकानदारालाही पाठवला, त्यानं दुजोरा द्यावा म्हणून.

आठवड्यानं यवतमाळच्या कुरिअर कचेरीतल्या माणसाचा फोन आला. माणूस भला होता, यापूर्वी दोनदा त्यानं मला तक्ता समजावून दिला होता.

"ताई, हे काय लिहून राह्यल्या तुम्ही? शंभर वर्षांची म्हणता, तं ते पुरातन वस्तूचे कागद मागते. आईनं वापरलेली म्हणता, तं जुन्या कपड्याचा परवाना मागते. कोणता देता?"

"दोन्ही नाई. तिच्या लग्नातली हाये, तीसेक वर्षं झाले."

"मंग शंभर काहून लिवले?"

पत्रकात आम्ही सगळंच शंभर वर्षांचं लिहितो.

"बिलावर दुकानदारानं शोभेचं कापड लिवलं होतं. तुम्ही चूप राह्यल्या असत्या तं ड्यूटी भरून सुटलं असतं," तो म्हणाला.

मी दुसरं पत्र लिहिलं. तिसरं लिहिलं. तोवर माल ठेवून घेण्याचं भाडं चढत होतं, मग मुदत संपली आणि काचळी आली तशी परत गेली. दुकानदारानं टपालखर्च कापून पैसे परत केले. तिसऱ्या दिवशी याडी म्हणाली, "त्याच्या दुकानात पुन्हा आली का, पाह्य."

आली होती. किंमत जवळजवळ दुप्पट. खाली वर्णनात माझीच वाक्यं होती: शंभर वर्षांचा वारसा, मीठ वाहणारे बैल, कुटुंबाच्या पत्रासह. आणि यावेळी आतल्या बाजूचाही एक फोटो, पण लहान. मोठा केला की दोऱ्यांचा नुसता धूर व्हायचा. मी दुकानदाराला लिहिलं, कडेचा जवळून फोटो पाठवा. त्यानं कळवलं, असे फोटो फक्त विकत घेणाऱ्यांना देतो.

"काय लिवलं हाये खाली?" याडीनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे तुया कागदानंच महाग झाली," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

आता नव्या किमतीवर शुल्क, शुल्कावर अधिभार, सगळ्यावर जीएसटी. माझ्या प्रत्येक विशेषणावर कर बसला आहे. याडी अंदाजानं तो टाका घालते, कड वळते, उसवते, पुन्हा घालते. मुली बघत बसतात. मी पैसे जमवते आहे. तोवर कुणी घेतली नाही तर घेईन, आणि कस्टम्सनं विचारलं तर जेवढं खरं आहे तेवढंच लिहीन.