द्वारकाबाईंचा आवाज

दुपारचे सव्वादोन. डॉक्टर हेमलता वाकनीस मेडिकल कॉलेजच्या विभागातल्या आपल्या टेबलावर डोकं टेकवते, दहाच मिनिटं म्हणून. तीन वाजता तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे रोग्याचं दुखणं हलकं करणाऱ्या शुश्रूषेचा, पहिला तास घ्यायचा आहे. टिपणं छापून समोर ठेवलेली आहेत. पंख्याचा आवाज लांब जातो, मग जिन्यावरची पावलं लांब जातात, आणि टेबल जरासं उतरतं झाल्यासारखं वाटतं.

"डाक्टरीणबाई, झोपलात व्हय?"

हा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही. तरी ती लगेच ओळखते. सात नंबरच्या वॉर्डातल्या द्वारकाबाई कासार. बाजारपेठेत बांगड्या भरायच्या. सहा वर्षांपूर्वी जबड्याच्या कॅन्सरनं गेल्या. दाखल झाल्या तेव्हाच त्यांचं बोलणं बंद झालेलं होतं.

"तुम्हाला बोलता येतं?" हेमलता विचारते.

"आता येतंय की. बसा."

ती बसते ती वॉर्डातल्या रेक्झिनच्या गादीवर, पण गादीच्या कडेनं बांगड्यांच्या पेट्या लागलेल्या आहेत आणि समोर बाजाराचा रस्ता आहे. सलाइनच्या स्टँडला हिरव्या बांगड्यांचे जुडगे लटकतायत. द्वारकाबाई तिचा हात ओढून घेतात, साबणाचं पाणी लावतात, अंगठ्याखालचं हाड हळूहळू दाबत जातात.

"हात सैल सोडा. दुखलं?"

"नाही."

"साबण आधी लावायचा असतो, बाई. हात सोलल्यावर न्हाई. तुम्ही मला दुखतंय का विचारायचात, मी मान हलवली की मग सुई यायची. तवर मी अर्धी झालेली असायची."

मॉर्फिन घड्याळ बघून द्यायचं, दुखणं उसळायची वाट बघायची नाही, हे हेमलताच्या टिपणांत आहे. तिला ते तेव्हाही ठाऊक होतं. पण दर चार तासांनी मॉर्फिनच्या कुलूपबंद कपाटाच्या किल्लीमागं कोण धावणार, म्हणून राहून गेलं होतं.

"तुम्ही कॉटच्या कठड्यावर बांगडी वाजवायचात," ती म्हणते. "मला वाटायचं, दुखतंय."

"कधी दुखायचं. कधी तुम्हाला बोलवायची. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही शेजारच्या कॉटपर्यंत यायचात आणि तिथनंच वळायचात."

हे खरं आहे. त्याच आठवड्यात तिनं द्वारकाबाईंच्या मुलाला व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं, आता करण्यासारखं काही उरलं नाही. आणि काही करायचंच नाही तर कॉटजवळ जायचं कशाला, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"काय सांगायचं होतं तुम्हाला?"

"इचारायचं होतं. किती दिवस राहिलं म्हणून. पोरगं सांगंना, नर्सबाई म्हणायच्या बऱ्या व्हाल. धाकट्या लेकीला सातवा महिना लागलेला. तिला हिरव्या बांगड्या माझ्या हातानं भरायच्या होत्या. दिवस कळले असते तर म्हटलं असतं, घरी न्या." त्या दुसरी बांगडी चढवतात. "नाकातल्या नळीतनं औषध घरीबी देता येतंय न्हवं?"

"येतं. तुमच्या मुलाला शिकवता आलं असतं."

"मग?"

रस्त्यावरून पांढऱ्या कोटातली मुलं येतात आणि बाकांवर बसू लागतात, कारण हा आता वर्ग आहे. द्वारकाबाई पहिल्या बाकावर, पदर खोचून. हेमलता उभी राहते, ओल्या हातानं टिपणं उचलते आणि पहिली ओळ वाचते, "उपचार संपले की पॅलिएटिव्ह केअर सुरू होते."

"कवा संपले?" द्वारकाबाई विचारतात.

"काय?"

"उपचार. माझे कवा संपले?"

मुलं वर बघतात. कुणीच लिहून घेत नाही.

"दुखणं पहिल्या दिवसापास्नं होतं," द्वारकाबाई म्हणतात. "मग ही तुमची केअर पहिल्या दिवशी का न्हाई आली?" त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही. गिऱ्हाइकाला माप विचारावं तशा विचारतायत. हेमलता टिपणांची पुढची पानं उलटते. ती कोरी आहेत.

"खोडा ते," म्हणत द्वारकाबाई उठतात. "पुढचं सांगा. पोरं ताटकळल्यात."

"द्वारकाबाई, लेकीला काय झालं?"

"मुलगी. तुम्ही इचारलंत, बरं वाटलं." बाकांच्या मधल्या वाटेनं त्या चालत जातात, पण दार येत नाही. वाटच लांबत राहते.

"मॅडम, तीनला पाच कमी."

शिपाई दारात उभा आहे. हेमलता मान वर करते. गालावर टेबलाची कड उमटली आहे. उजव्या हातात पेन आहे, टोपण न लावलेलं. समोरच्या टिपणांतली पहिली ओळ खोडलेली आहे, इतक्या जोरानं की "संपले" या शब्दावर कागद फाटलाय आणि खालच्या पानावरही रेघ उमटली आहे.

ती त्या जागी दुसरं काही लिहीत नाही. फाटका कागद तसाच वर ठेवून टिपणं उचलते आणि वर्गाकडे निघते.