मी त्याला पांघरूण घातलं होतं

मित्रांनो, मारेगावला माझी विद्यार्थ्यांची खानावळ आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी प्रफुल्ल नावाचा कॉलेजचा मुलगा दारू पिऊन ओट्यावर घोरत होता. मी पांघरूण घालून देवळात गेलो. परतलो तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. त्याच्या आईला सांगितलं, "मी त्याले पाह्यलंच नाही." ते घोरणं अजून ऐकू येतं.

आज सकाळी तसाच एक मुलगा हाकेला ओ देईना. मित्र त्याला लिंबूपाणी पाजत होते.

"काका, झोपू द्या, उतरते. अँब्युलन्स कायले? कॉलेजात बोभाटा होईन!"

"होऊ दे! पेला ठेव पहिले."

त्याला कुशीवर वळवलं, १०८ला फोन केला, गाडी येईपर्यंत श्वास पाहत बसलो. तो वाचला.

दुपारी प्रफुल्लच्या आईला फोन लावला. ती वावरात कापूस वेचत होती.

"ताई, मी त्याले पाह्यलं होतं. तो जिवंत होता."