भिंतीवरचं वाक्य

घरातला पहिला पदवीधर झालो तो कदमबाईंमुळे. फळ्यावर माझं गणित चुकलं की त्या शेजारी 'पुसू नये' असं लिहायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे रे, उद्या परत भिडू त्याला."

काल लेकीच्या शाळेत गेलो. भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रयत्न करणारं प्रत्येक मूल हुशार'. त्याच भिंतीखाली, शेवटच्या बाकावर, माझी लेक. "ही आमची ढ मुलांची रांग," वर्गशिक्षिका तिच्यादेखत हसून म्हणाल्या. "हिला गणित जन्मात जमायचं नाही." लेकीनेही मान डोलावली. असली वाक्यं भिंतीवर लिहायला अक्कल लागत नाही, रंगाचा डबा पुरतो.

घरी येऊन कदमबाईंना पत्र लिहिलं: "बाई, सुट्टीत लेकीला तुमच्याकडे पाठवतो. शाळेने तिला एकच गोष्ट पक्की शिकवली आहे, आपण ढ आहोत. तेवढी विसरायला लावा."