तळमजल्याला पाजलेला पाक

माझी बायको इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये केक करते, आणि तिच्या केकची ख्याती मऊपणाची. इतका मऊ, की दातांना आपण कशाला आलो असा प्रश्न पडावा. त्यामुळे सिन्नरच्या एका शेतकरी कुटुंबानं आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीसाठी त्यांच्या नव्या दुमजली बंगल्याच्या आकाराचा केक मागितला, तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटली. तिची ही पहिली मोठी ऑर्डर. बंगला पडला तर भर मांडवात पडणार होता.

सरावाचा बंगला संध्याकाळपर्यंत खचला. मग तिनं दूध कमी केलं, लोणी वाढवलं, दोन्ही मजले रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केले. तळमजल्यात बांबूच्या काड्या रोवायच्या, वर पुठ्ठ्याचा स्लॅब टाकायचा आणि त्यावर दुसरा मजला चढवायचा, असं ठरलं. स्लॅबला पाणी मारू का, असं मी विचारलं.

"तुम्ही फक्त गाडी हळू चालवा," ती म्हणाली.

पाणी मारलं माझ्या आईनं. कार्यक्रमाच्या सकाळी तिनं तळमजल्याची कड चाखली, ती कोरडी लागली, आणि सुनेची लाज राखायची म्हणून गुलाबजामचा उरलेला पाक वाटीवाटीनं त्यावर ओतला.

"आई! हे काय केलंत?"

"अगं, ठसका लागला मला. पाहुण्यांना असं द्यायचं?"

"तो थोडा कोरडाच हवा होता!"

"मग विटाच न्यायच्या की."

बायको ओट्याला टेकून हसायला लागली. ते हसणं मला रडण्यापेक्षा भीतिदायक वाटलं. तळमजला पाझरत होता आणि नवा भाजून गार करायला वेळ नव्हता.

आईनं पदर खोचला. "परात आण रे."

तिनं तो ओला केक कुस्करला, बाहेरून लावायच्या चॉकलेट-क्रीमच्या लेपातला निम्मा त्यात ओतला आणि लाडवांसारखं मळलं. मग आम्ही तिघांनी ते साच्यात मुठींनी ठोकून बसवलं. फ्रीझरमधून निघालं ते चक्क बांधकाम होतं.

"यावर तिसरा मजलाही चढेल!" बायको म्हणाली आणि तिनं सासूला टाळी दिली.

सिन्नरपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला आम्ही तिघं एकदम श्वास रोखत होतो. बंगला हलला नाही. मांडवात निवेदक "भव्यदिव्य" हा शब्द दमेपर्यंत वापरत होता. सुरी उत्सवमूर्ती आजींच्या हातात दिली, आणि आजी बंगल्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"मी नाय कापणार. आत्ता तर वास्तुशांत झाली. आपल्याच हातानं घर तोडू?"

"आये, केक हाय तो!" थोरला मुलगा म्हणाला.

"दिसतंय तर घरच ना?"

निवेदकाकडे यासाठी शब्द नव्हता. बायकोचा चेहरा पडला. इतका टिकवला, आता कुणी खाणारच नाही. शेवटी आजोबांनी उठून बंगल्याभोवती एक फेरी मारली.

"मागून काप. तिकडं मोरी हाय."

हे सगळ्यांना पटलं. पुढून फोटो निघत राहिले, मागून बंगला संपत राहिला. "तळमजला लय भारी, अजून द्या," असं म्हणत लोक ताटल्या पुढे करत होते. बायकोची नजर मात्र केकच्या बाल्कनीवर. आतून पार पोखरलेला दर्शनी भाग काड्यांवर ताठ उभा होता, आणि ती हसू दाबायला माझा दंड इतका आवळत होती, की वळ उठले.